लिस्बनला सही, कलकत्त्याला नाणं: जुना जकात करार वाचायचा कसा

आमच्या आत्येच्या देव्हाऱ्यात एक चांदीचं नाणं आहे, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतं, हळदकुंकू लागून लागून पार काळवंडलंय. एका बाजूला गोऱ्या राजाचं मुंडकं, तो पोर्तुगालचा दों लुईश पहिला, आणि दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल, कडेनं पोर्तुगीजमध्ये लिहिलंय इंदिया पोर्तुगेझा, उमा रुपिया. साल १८८१. आता गंमत अशी की हे नाणं वजनाला अगदी व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाएवढं आहे, आणि पाडलं कुठे तर इंग्रजांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत. राजा पोर्तुगालचा, टांकसाळ इंग्रजांची, हे का बरं?

याचं उत्तर आहे २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये सही झालेल्या करारात. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान (म्हणजे गोवा, दमण, दीव) यांच्यामधली जकातीची भिंत पाडायची, माल इकडून तिकडे मोकळा जायचा, आणि नाणंसुद्धा एकाच वजनाचं करायचं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात अधूनमधून कुणीतरी यावर लिहितं, पण ९० टक्के लोक तो करार चुकीच्या टोकाकडून वाचतात, मीसुद्धा तसाच वाचला होता. माझा भाचा एमएच्या प्रबंधासाठी हाच विषय घेऊन बसला तेव्हा त्याला जे जे सांगितलं ते इथे उतरवून काढतेय. असा कुठलाही जुना जकात करार वाचायचा असेल, समोरचा शेजारी आपसात भांडणारा असेल, तर याच रीतीनं वाचा, उपयोग होईल.

पहिल्या कलमापासून सुरुवात करू नका

मी केली होती. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा होता, करार उघडला, पहिली पाच-सहा कलमं वाचली, त्यात व्यापाराचं स्वातंत्र्य, दोन्ही प्रजांना समान वागणूक, गोड गोड भाषा, आणि मी मोठ्या दिमाखात लिहून टाकलं की हा मुक्त व्यापाराचा करार. लेख छापून आल्यावर ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी फोन करून एकच विचारलं, "बाई, मिठाचं कलम वाचलंत का?" नव्हतं वाचलं. ते मागे होतं आणि तोपर्यंत मी कंटाळले होते.

तर नियम पहिला. आधीची कलमं दाराला लावलेल्या तोरणासारखी असतात, घर आत असतं. करार हातात आला की पेन्सिल घेऊन फक्त दोन गोष्टी शोधा, एक म्हणजे पैसे कुणी कुणाला द्यायचे, आणि दुसरी, कुठल्या मालाचं नाव घेऊन वेगळं लिहिलंय. बाकी सगळं "सर्व माल" "सर्व प्रजाजन" असं मोघम असतं, पण ज्याच्यासाठी करार केला त्या मालाला नाव असतंच असतं.

१८७८ च्या करारात पैसे इंग्रजांनी पोर्तुगीजांना द्यायचे होते, वर्षाला ४ लाख रुपये. आणि नाव घेतलेला माल म्हणजे मीठ. गोव्यातलं मीठ बनवण्याचं आणि विकण्याचं नियंत्रण इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारकडे द्यायचं. त्याच्या जोडीला ताडी-दारू, म्हणजे मुंबई इलाख्यातली अबकारी (दारूवरच्या कराची) पद्धत गोव्यातही लावायची. मुंबईचा अबकारी कायदा पण १८७८ चाच, हा काही योगायोग नाही.

म्हणजे भिंत पाडायची घाई कुणाला होती? जो पैसे मोजतो त्याला. हे एवढं साधं आहे, पण "बलाढ्य इंग्रजांनी गरीब गोव्याला उपकार म्हणून" वगैरे वाचत बसलं की निसटतं.

मिठाचा हिशेब हातानं करून बघा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, जरा वेळ घेणार आहे.

करार वाचताना त्या काळचा कराचा दर घ्या आणि स्वयंपाकघरातल्या मापात बसवा. १८७८ च्या सुमारास मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. हा सरकारी मण, ४० शेरांचा. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. ४० शेराला ४० आणे, म्हणजे शेराला बरोब्बर एक आणा, आणि हा नुसता कर, मिठाची किंमत वेगळी. पुढे १८८२ ला तो दोन रुपयांवर आला, म्हणजे सव्वा शेराला एक आणा. एकदा असं मांडलं की सरकारी अहवालातला आकडा एकदम आपल्या बरणीत येतो.

आता असं बघा, सरहद्दीच्या अलीकडे बांद्याला शेराला आणा कर आणि पलीकडे गोव्याच्या पेडण्यात इंग्रजांचा हा कर लागूच नाही, मधे नुसता डोंगर आणि जंगल. समजा एका बैलाच्या पाठीवर दोन मण मीठ टाकलं आणि रात्री चोरवाटेनं घाटावर नेलं तर पाच रुपयांचा कर वाचला, आणि पाच रुपये म्हणजे तेव्हाच्या मजुराची अंदाजे तीन-चार आठवड्यांची मजुरी. कोण नाही म्हणेल? कागदावरची सरहद्द बैलाला थोडीच कळते. इंग्रजांना गोवा डोळ्यात खुपत होता तो यासाठी.

इथे अजून एक काम करा, शेजारच्या प्रदेशांत त्याच काळात काय चाललं होतं ते बाजूला ठेवून बघा. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात इंग्रजांनी मीठ अडवायला एक प्रचंड जकात रेषा राखली होती, काही ठिकाणी चक्क काटेरी झाडांचं जिवंत कुंपण, एका काळी २३०० मैल लांब आणि पहाऱ्याला जवळपास १२,००० माणसं. वेगवेगळ्या प्रांतात मिठाचा कर वेगवेगळा म्हणून हा खटाटोप. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या वेळी अर्थखातं जॉन स्ट्रेचीकडे होतं, त्याचं म्हणणं होतं की कर सगळीकडे जवळजवळ सारखा करा आणि मीठ जिथे तयार होतं तिथेच ताब्यात घ्या, मग कुंपण कशाला हवं. सांभर सरोवर जयपूर-जोधपूरकडून आधीच भाड्यानं घेतलं होतं, १८७९ ला राजपुतान्यातल्या संस्थानांशी मिठाचे करार झाले, नुकसानभरपाई द्यायची आणि मीठ पिकवणं बंद करायचं किंवा ताब्यात घ्यायचं. १ एप्रिल १८७९ ला ती जकात रेषा मोडली.

आता गोव्याचा करार याच्या शेजारी ठेवा. अगदी तोच साचा. फरक एवढाच की जोधपूरच्या महाराजाला रेसिडेंटामार्फत (संस्थानातला इंग्रज अधिकारी) बोलवून घेता येत होतं आणि गोव्याच्या मालकाकडे लिस्बनला वकील, म्हणजे राजदूत, पाठवावा लागला.

दर बदलण्याचा अधिकार कुणाकडे

हे एक कलम अभ्यासक पण सोडतात. दोन घरांनी मधली भिंत पाडली की बाहेरच्या दाराला कुलूप एकच राहतं, आणि किल्ली एकाकडेच असते. जकात एक करायची म्हणजे बाहेरून, समुद्रातून येणाऱ्या मालावर दोघांनी सारखाच दर लावायचा. सारखा म्हणजे कुणाचा? ब्रिटिश हिंदुस्थानचा.

मग १८८२ ला काय झालं ते बघा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा दबाव बरीच वर्षं चालू होता, आणि व्हाइसरॉय रिपनच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थाननं मीठ, दारू, शस्त्रं असे थोडे अपवाद सोडून आयातीवरची जवळजवळ सगळी जकात काढून टाकली. मँचेस्टरची सोय झाली, आणि कराराला बांधलेल्या गोव्याच्या तिजोरीला मधल्यामधे फटका. पणजीत बसलेल्या माणसाला यात बोलायला जागाच नव्हती.

म्हणून करार वाचताना वहीत एक प्रश्न लिहून ठेवा: उद्या मोठ्यानं दर बदलला तर धाकटा काय करू शकतो? उत्तर "काही नाही" असेल तर करारात समानता हा शब्द कितीही वेळा येऊ दे, फसू नका.

शेजाऱ्याच्या घरात कोण कोण भांडतंय, त्याचा तक्ता

आपण "पोर्तुगीजांनी करार केला" असं लिहितो, तिथेच घोटाळा होतो. पोर्तुगीज म्हणजे कोण? एक पान घ्या, मधे रेघ मारा, एका बाजूला राजधानी आणि दुसऱ्या बाजूला वसाहत.

राजधानीच्या रकान्यात लिस्बन. तिथे दोन मोठे पक्ष आलटून पालटून सत्तेत, एक रेजेनेरादोर आणि दुसरा प्रोग्रेसिस्ता. करारावर सही केली ती रेजेनेरादोर सरकारचा परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्रादे कोर्व्हो यानं. त्याचं म्हणणं होतं की वसाहती नुसत्या जुन्या मानापानासाठी धरून ठेवायच्या नसतात, इंग्रजांशी जुळवून घेऊन रेल्वे-बंदरं उभी करायची असतात. इंग्रजांचा लिस्बनमधला वकील रॉबर्ट मोरियर, त्यानं हा माणूस बरोबर हेरला. मोरियरच्या डोक्यात एक करार नव्हताच, तीन होते, गोवा, मग आफ्रिकेतलं लोरेंसो मार्किश (आजचं मापुतो), आणि मग काँगो. पहिला जमला. दुसऱ्यावर ३० मे १८७९ ला सही झाली आणि नेमकं त्याच सुमारास कोर्व्होचं सरकार पडलं, प्रोग्रेसिस्ता आले, ज्यांनी विरोधात असताना देश विकला म्हणून आरडाओरडा केला होता तेच आता करार पुढे न्यायला बसले. शेवटी मार्च १८८१ ला लिस्बनच्या रस्त्यावर निदर्शनं झाली, सरकार गेलं, आणि तो दुसरा करार बारगळला. काँगोचं तर पुढे अजूनच भलतं झालं, तो वेगळा विषय.

यातून रीत काय घ्यायची, तर सही करणाऱ्याचं नाव मिळालं की लगेच बघायचं तो खुर्चीवर किती दिवस टिकला. भांडणाऱ्या शेजाऱ्याशी करार करताना मोठी सत्ता नेहमी एका माणसाला धरते, आणि त्या माणसाला धरलं हेच मग विरोधकांचं हत्यार होतं. गोव्याचा करार जरा आधी झाला म्हणून वाचला, १५ जानेवारी १८८० ला अंमलात आला. सहा महिने उशीर झाला असता तर? असले प्रश्न भाच्याच्या गाईडला आवडत नाहीत, मला आवडतात.

वसाहतीच्या रकान्यात गोवा, तिथे तर विचारूच नका. गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी निवडून जायचे आणि त्या निवडणुका म्हणजे हाणामारीच. एका बाजूला मडगावच्या कॉश्त घराण्याभोवतीचा गट, त्यांचं वर्तमानपत्र ओ उल्त्रामार, १८५९ पासूनचं. दुसऱ्या बाजूला ओर्ली गावातून निघणारं आ इंदिया पोर्तुगेझा, १८६१ पासूनचं. धर्म एकच ख्रिस्ती, पण एका गटात बामण जास्त आणि दुसऱ्यात चार्डो (ख्रिस्ती झालेले क्षत्रिय) जास्त, म्हणजे जात कुठेही गेलेली नाही. शिवाय देसेंदेंत म्हणजे गोव्यात जन्मलेले गोरे, ज्यांच्या फौजी नोकऱ्या १८७१ ला गोव्याचं लष्कर मोडल्यावर गेल्या, ते वेगळेच फुरंगटलेले. आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेले तालुके, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, तिथे बहुसंख्य हिंदू, मराठी लिहिणारे-वाचणारे, राणे मंडळी अधूनमधून उठाव करणारी. या सगळ्यांच्या मिठाचा आणि माडीचा निर्णय लिस्बनला झाला, यांना विचारून नाही.

अजून एक रकाना राहिला, तो बहुतेक जण काढतच नाहीत. आपल्या बाजूचा, म्हणजे इंग्रजांचा. लंडनचं परराष्ट्रखातं, लंडनमधलंच इंडिया ऑफिस, कलकत्ता-सिमल्याचं हिंदुस्थान सरकार, आणि मुंबई सरकार, चौघांची तोंडं चार दिशांना. मोरियरला पोर्तुगालची दोस्ती आणि आफ्रिका हवी, स्ट्रेचीला मीठ. करारात जिथे जिथे भाषा एकदम विचित्र वळण घेते तिथे समजायचं की हे समोरच्याशी भांडण नाही, घरातलं आहे.

मग चपला घाला आणि बाहेर पडा

कागद झाले की जागा बघायच्या. फेब्रुवारी ते मे मधे जा, तेव्हा मिठागरं चालू असतात. पेडण्यात आगरवाडा नावाचं गावच आहे, नावातच आगर. खाडीचं पाणी मानशीतून आत घेतात (मानस म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार), एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवतात, आणि शेवटच्या चौकोनात सकाळी पाण्यावर पातळ साय धरल्यासारखी दिसते, ती दुपारपर्यंत बसते आणि खाली करकरीत दाणे. मिठगावडे ते लाकडी फळीनं हळूच ओढतात, जोरात ओढलं तर तळातला चिखल येतो आणि मीठ काळं पडतं. तिथे बांधावर उभं राहून करारातलं ते कलम परत वाचा. या एवढ्याशा चौकोनावर देखरेख ठेवायला परक्या सरकारची माणसं येणार, किती पिकवायचं ते ठरवणार, आणि नुकसानभरपाई मिळणार ती आगराच्या मालकाला. फळी ओढणाऱ्याला काय मिळणार हे करारात शोधून बघा.

तसंच माडाचं. गोव्यात माडावर चढून सूर काढणारे रेंदेर, आपल्याकडे तेच काम भंडारी करायचे. अबकारी आली की झाड मोजलं जातं. जुनी पोर्तुगीज कागदपत्रं चाळताना एक टिप, अबकारी हा शब्द त्यांनी जसाच्या तसा उचललाय, तेव्हा पोर्तुगीज शब्दकोश घेऊन बसू नका, थेट अबकारीच शोधा. मराठी-मोडी कागदात जकातीच्या कचेरीला मांडवी म्हटलेलं सापडेल, तेही ध्यानात ठेवा नाहीतर गावाचं नाव समजाल.

तिसरी गोष्ट रेल्वे. करारातच मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वेची सोय होती. कंपनी इंग्रजी भांडवलाची, पण भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. १८८८ ला कॅसलरॉकला ती सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. आज दूधसागरचे फोटो काढायला जाता ना, तीच लाईन. फोटो काढून झाले की हिशेब करा: करार १२ वर्षांचा, त्यातली आठ वर्षं लाईन बांधून जोडण्यात गेली, राहिली चार. करार संपला, व्याजाची हमी संपली नाही.

छापील आधार हवा असेल तर मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधले रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०), कानडा (१८८३) आणि बेळगाव (१८८४) हे तीन खंड शेजारी ठेवा. एकाच वेळी नका वाचू, सालाप्रमाणे वाचा. पहिला करार नुकताच लागू झाला तेव्हाचा, बाकीचे दोन नंतरचे, बंदरं आणि घाट याबद्दल कोण काय बोलतंय त्यातला फरक टिपा.

मोडला कसा, तेही वाचायचं

लोक सहीपाशी थांबतात. करार मोडतो तेव्हाचे कागद जास्त खरं बोलतात कारण तेव्हा गोड बोलायची गरज संपलेली असते.

११ जानेवारी १८९० ला इंग्रजांनी आफ्रिकेच्या वादावरून पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला, लिस्बनमध्ये संतापाची लाट, सरकार पडलं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला मडगावात निवडणुकीच्या दंग्यात सैन्यानं गोळीबार केला, २० हून जास्त माणसं गेली. म्हणजे राजधानी इंग्रजांवर चिडलेली, वसाहत आपसात पेटलेली, आणि पोर्तुगालची तिजोरी इतकी रिकामी की १८९२ ला दिवाळंच निघालं. अशा वेळी १२ वर्षांची मुदत संपत आली. इंग्रजांनी आहे तसा करार पुढे चालवायला नकार दिला, बोलणी जमली नाहीत, १४ जानेवारी १८९२ ला सगळं संपलं. जकातीची भिंत परत उभी राहिली आणि ४ लाख बंद झाले. लिस्बनमध्ये ज्यांनी हा करार म्हणजे इंग्रजांची गुलामी म्हटलं होतं, त्यांना आता तो इंग्रजांनीच मोडला याचंही दुःख करावं लागलं.

पुढे १९६१ पर्यंत ती भिंत राहिली. या बाजूला कॅसलरॉक आणि त्या बाजूला कुळे, दोन्हीकडे ट्रंका उघडून बघायचे. आत्येला हे आठवतं, ती लहानपणी आजोळी जाताना तिच्या आईनं नव्या लुगड्याला मुद्दाम चार घड्या चुरगळून जुनं केलं होतं म्हणे, म्हणजे नवा माल वाटू नये.

तुमच्या घरात असं कुणी ८० च्या पुढचं असेल तर करार सोडा आणि आधी त्यांच्याकडे बसा, फोनवर रेकॉर्ड करा, विचारताना "जकात" म्हणू नका, "कुळ्याला काय काय तपासायचे" असं विचारा, मग बोलतात. आणि लुईश राजाचं नाणं सापडलं तर साल बघा, १८८१ किंवा १८८२ असेल, आणि कृपा करून चिंचेनं घासू नका. आत्येनं यंदा घासलंय, अर्धं मुंडकं गेलं.